पिसांचं आमिष : चिलापी आणि मरळ


भोरचं भाटघर असो, की पानशेत.
पाण्याकाठी गळ टाकणारे आपल्याकडे पुष्कळ.
आज बोलूया पिसांच्या आमिषाबद्दल.

आधी मासा काय खातो ते बघा.
मग पीस निवडा.

चिलापीचं तोंड लहान.
ती शेवाळ खाते, पाण्यातले बारीक किडे टिपते.
तिच्यासाठी गळ अगदी छोटा हवा.
गळाच्या दांड्यावर दोरा घट्ट गुंडाळा.
कोंबडीचं एक मऊ पीस टोकाशी बांधा.
पिसाचे दोनच वेढे द्या.
पीस दाट झालं, की किडा खोटा वाटतो.
गाठ मारा. वर नेलपॉलिशचा थेंब.
झालं आमिष.

मरळीची गोष्ट वेगळी.
ती दबा धरणारी शिकारी.
काठच्या गवतात थांबते, बेडकावर झेप घेते.
तिला मोठं, तरंगणारं आमिष लागतं.
जुन्या चपलेच्या फोमचा तुकडा गळावर बसवा.
मागे लांब पिसं बांधा, बेडकाच्या तंगड्यांसारखी.
गळाच्या अणीपुढे जाड तंगुसाचा फास ठेवा.
म्हणजे गळ गवतात अडकत नाही.

पुन्हा सांगते.
आधी माशाचं खाणं, मग पीस.

गळ टाकण्याआधी, तलावातल्या मासेमारीचा ठेका ज्यांच्याकडे आहे, त्यांची परवानगी घ्या.

आणि एक कळकळीची विनंती.
पावसाळ्यात काठाजवळ लालसर पिल्लांचा थवा दिसेल.
ती मरळीची पिल्लं.
खाली आईबाप राखण करत असतात.
तिथे गळ टाकू नका.
राखण सुटली, की दुसरे मासे पिल्लांचा फडशा पाडतात.