सोल्डरिंगपासून सिंथेसायझरपर्यंत

(नाशिक येथे आपल्या गटाच्या बैठकीत एका मैत्रिणीनं केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



'तुझ्या छंदाबद्दल बोल' असं मला सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. या खोलीत आपण पोटगीवर बोललो, हुंड्यावर बोललो, रेशनवर बोललो. तिथं मी उभी राहून कॉम्प्युटरवरच्या बाजाबद्दल काय सांगणार? एका मैत्रिणीनं तर तोंडावरच विचारलं, "हा आपल्या कामाचा विषय आहे का?" तिचा प्रश्न रास्त आहे. म्हणून आज मी तिलाच उत्तर देणार आहे. बाकीच्यांनी ऐकावं.

माझी ओळख बहुतेकींना आहे. सातपूरच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं सर्किट बोर्डांवर सोल्डरिंग केलं. आमच्या ओळीत सगळ्या बायकाच. बारीक काम बायकांना चांगलं जमतं, असं साहेब म्हणायचे. रोज शेकडो कंडेन्सर, रेझिस्टर, ट्रान्झिस्टर या बोटांखालून गेले. पण बोर्ड बिघडला की तो तपासायला पुरुष यायचा. तो बोर्ड काय काम करतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. हात आमचे, यंत्र त्यांचं.

घरीही तेच. माहेरी पेटी होती, ती दादाची. तो नसताना मी भाता मारून दोन सूर काढायची आणि त्याची चाहूल लागली की झाकण लावायची. पुढं १९९१ साली मुलासाठी एक छोटा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घेतला. तो शाळेत गेला की मी वाजवायची. मुलगा मोठा झाला, कीबोर्ड माळ्यावर गेला, आणि माझं वाजवणंही त्याच्यासोबत माळ्यावर गेलं.

निवृत्त झाल्यावर लेकीनं तिचा जुना लॅपटॉप दिला. म्हणाली, "आई, यात तुझ्यासाठी एक गंमत टाकली आहे." त्या गमतीचं नाव डेक्स्ड. यामाहा कंपनीनं १९८३ साली डीएक्स-७ नावाचा सिंथेसायझर काढला होता, त्याची ही कॉम्प्युटरमधली नक्कल. ती फुकट मिळते, चोरून कॉपी करावी लागत नाही. लेकीनं पंचवीस पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड जोडून दिला. मी एक पट्टी दाबली आणि अंगावर काटा आला. तो काचेसारखा घंटीचा आवाज! ऐंशीच्या दशकातली सिनेमाची गाणी, जाहिराती, लग्नातले बँड, सगळं त्या एका सुरात होतं. ज्या काळात मला हे वाजवायला मिळालं नाही, तो काळ हेडफोनमधून माझ्याकडे परत आला.

मग वाढदिवसाला तिनं मिनीमूगची नक्कल विकत घेऊन दिली. मिनीमूग हा १९७० साली अमेरिकेत निघालेला सिंथेसायझर. आज जुना मूळ नग घ्यायचा तर काही लाख रुपये लागतात. माझ्या पडद्यावर त्याचं चित्र आहे. तेच नॉब, तीच बटणं, तेच लाकडी काठ.

हे वाजतं कसं, ते थोडक्यात सांगते, कारण कुणी आपल्याला सांगत नाही. आत तीन ऑसिलेटर असतात. ते नुसते सूर काढतात, भरड आणि कर्कश. मग येतो फिल्टर. फिल्टर म्हणजे चाळणी. गिरणीतून दळण आणून आपण पीठ चाळतो, कोंडा वेगळा काढतो, तसा हा सुरातला वरचा कर्कशपणा चाळून काढतो. चाळणी किती बारीक ठेवायची, ते एका नॉबवर. शेवटी सूर कसा उमटावा आणि कसा विरावा ते ठरवायचं. टाळीसारखा एकदम, की शंखासारखा हळूहळू. एवढंच. या तीन गोष्टी कळल्या की निम्मं काम झालं.

मिनीमूगची ती प्रसिद्ध चाळणी ट्रान्झिस्टर आणि कंडेन्सरच्या जोड्या शिडीसारख्या एकावर एक लावून केलेली असते. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून गप्प बसले. बावीस वर्षं मी जे जोडत होते, तेच हे! अमेरिकेतल्या ट्रुमन्सबर्ग नावाच्या खेड्यात मूग यांचा कारखाना होता, तिथं बोर्डांवर सुटे भाग बसवणाऱ्यांत गावातल्या बायका होत्या, असंही वाचलं. त्यांना आवाज काढायला किती वेळा मिळाला असेल? सॉफ्टवेअर आता त्याच भागांचं वागणं आकड्यांत मांडतं, सेकंदाला चव्वेचाळीस हजारांहून जास्त वेळा हिशेब करून. भाग नाहीत, डाग नाही, पण हिशेब त्यांचाच.

आणखी एक गंमत. जुनी यंत्रं तापली की त्यांचा सूर जरा सरकायचा. तो तेव्हा दोष होता. आता नक्कल करणारे तो दोष मुद्दाम घालतात, कारण त्याशिवाय आवाज निर्जीव वाटतो. आपल्या तंबोऱ्याचं हेच नाही का? मिरजेचे कारागीर घोडी घासून घासून जवारी लावतात, तारेखाली दोरा सरकवतात, तेव्हा तार घोडीला घासून झणझणते. ती झणझण काढून टाका, तंबोरा मुका होईल. चांगल्या आवाजात थोडी खरखर असावीच लागते. माणसांतही असते.

आता कुणी म्हणेल, हे सगळं परदेशी खूळ आहे. तसं नाही. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, एनआयडीत, मूग सिंथेसायझर आला. न्यूयॉर्कहून डेव्हिड ट्यूडर नावाचे संगीतकार तो बसवायला आले होते. त्यावर काम करणाऱ्या भारतीयांत एक बाई होत्या, गीता साराभाई. त्या पखवाज शिकलेल्या. पखवाज बायकांनी वाजवायचा नाही, अशा काळात! १९४६ साली अमेरिकेत त्यांनी जॉन केज या संगीतकाराला भारतीय संगीत शिकवलं होतं. अहमदाबादच्या त्या स्टुडिओतल्या टेप पुढं कित्येक वर्षं कपाटात पडून होत्या. २०२३ साली त्यांतलं निवडक संगीत प्रसिद्ध झालं.

आणि आपल्या मुंबईत चरणजित सिंग होते. सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारे वादक. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं जोडली आणि डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. भैरवी, ललत, मालकंस. त्यातलं एक यंत्र, टीबी-३०३, मुळात एकट्यानं गिटार वाजवणाऱ्याला साथ म्हणून काढलेलं. ते खपलं नाही, १९८४ साली बंद झालं. पण त्याचा सूर एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, मिंडेसारखा. सिंग यांना ते कळलं. तेव्हा ती रेकॉर्ड फारशी कुणी घेतली नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली आणि जगभर गाजली. २०१५ साली ते गेले. त्या टीबी-३०३ची पहिली गाजलेली कॉम्प्युटर नक्कल १९९७ सालची, स्वीडनमधली. जे यंत्र दुकानात पडून होतं, ते आज कुठल्याही पोरीच्या लॅपटॉपवर चालतं.

बायकांच्या नावांचं काय झालं, तेही सांगते. लंडनला बीबीसीमध्ये १९५८ साली इलेक्ट्रॉनिक आवाजांचा विभाग सुरू झाला, तो उभा करण्यात डॅफ्नी ओरम ही बाई होती. तिथंच डेलिया डर्बीशायरनं १९६३ साली 'डॉक्टर हू' या मालिकेचं संगीत घडवलं, टेपचे तुकडे कापून, जोडून. चाल दुसऱ्याची, पण लोकांच्या कानात राहिला तो आवाज तिचा. पडद्यावर तिचं नाव आलं ते २०१३ साली. तोवर तिला जाऊन बारा वर्षं झाली होती. सोल्डरिंगच्या ओळीत बसलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही.

या यंत्रांनी सगळं चांगलंच केलं, असं मी म्हणणार नाही. मुंबईच्या स्टुडिओंत एकेका गाण्याला पन्नास-साठ वादक बसायचे. सिंथेसायझर आणि नवं ध्वनिमुद्रण आलं आणि नव्वदच्या दशकात त्या व्हायोलिनवाल्यांचं काम गेलं. मला आनंद देणारा हा आवाज कुणाची तरी भाकरी घेऊन आला, हे मी विसरत नाही. मी पोटासाठी वाजवत नाही, म्हणून मला हे सोपं आहे.

आता माझ्या मैत्रिणीचा प्रश्न. हा आपल्या कामाचा विषय आहे का?

सरकारनं २०१९ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्यांत बाई त्यावर तेव्हा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होती, पुरुष ९७. म्हणजे दिवसाला तीन तासांहून जास्त फरक. दादाची पेटी त्या तीन तासांत वाजत होती. पेटी घरात होती, वेळ माझ्याकडे नव्हता. आणि वेळ असता तरी आवाज झाला असता. बाईचा आवाज घरात झाला की कुणाला तरी चहा आठवतो.

हेडफोन लावून मी दुपारी वाजवते, तेव्हा घरात आवाज होत नाही. आधी मला याचं फार कौतुक होतं. कुणाला त्रास नाही, कुणाची परवानगी नाही. मग एक दिवस यजमान म्हणाले, "बरं आहे, तुझं तुझं चालतं, आम्हाला कळतही नाही." ते चांगल्या मनानं बोलले. पण मला रात्रभर झोप लागली नाही. साठी उलटली तरी मी अजून दादाची चाहूल घेत झाकण लावतेच आहे, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी मी हेडफोन काढला आणि साधे स्पीकर जोडले. भूप वाजवला, चुकत चुकत. माझ्या पट्टीत, काळी चारमध्ये. दादाची पेटी त्याच्या काळी एकमध्ये वाजायची, मला तिच्याबरोबर कधी गाताच आलं नाही. इथं एक आकडा बदलला की सगळं यंत्र माझ्या गळ्याला येऊन मिळतं. शेजारच्या वहिनींनी दारात येऊन विचारलं, "कोण वाजवतंय?" मी म्हटलं, "मी."

बाई, हे माझं उत्तर. पोटगी, रेशन, पाळणाघर हे सगळं आपण मागतो ते कशासाठी? बाईला जगता यावं म्हणून. जगण्यात ही दुपार धरलेली आहे की नाही?

एक सूचना करून थांबते. गटाच्या ऑफिसातला कॉम्प्युटर शनिवारी दुपारी रिकामा असतो. मी त्यावर डेक्स्ड टाकून देते, छोटा कीबोर्ड घेऊन येते. यंत्र उघडून दाखवीन, बिघडलं तर आपणच बघू. स्वरज्ञान असण्याची अट नाही. अट एकच. यायच्या आधी घरी सांगून यायचं, मोठ्यानं: "आज संध्याकाळचा स्वयंपाक मी करणार नाही, मी वाजवायला चालले आहे."