जुन्या बंदुकीचा चोक : मूळ कीं बदललेला?

छऱ्यांच्या बंदुकीची नळी तोंडाशीं किंचित् निमुळती केलेली असते. तिलाच चोक म्हणतात. त्यामुळें छरे दूरवर दाट पडतात. इंग्लंडांत न्यूकॅसलच्या पेप यांनीं १८६६ सालच्या पेटंटांत तो वर्णिला. १८७५ च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या ग्रीनर यांनीं तो लोकप्रिय केला. पुढें कित्येकांनीं चोक घासून मोकळे केले, कोणीं नळ्याच कापल्या. मग जुन्या इंग्लिश बंदुकीचा मूळ चोक ओळखावा कसा?

प्रथम बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी. नंतर नळ्या उतरवून बुडाखालील छाप वाचावे. १८७५ पासून चोकच्या नळीवर 'नॉट फॉर बॉल', व १८८७ पासून 'चोक' असे शब्द उमटवीत. छाप असून तोंडाचा व आंतील व्यास सारखाच भरला, तर चोक मागाहून गेला हें उघड आहे. अल्प चोकवर मात्र छाप नसे. जोडनळ्यांची तोंडें प्रायः एकमेकींस भिडलेलीं असतात. मध्यें फट किंवा डाखाची भर दिसल्यास नळ्या कापल्याचा संशय घ्यावा.

खरा धोका निराळाच आहे. नळी आंतून घासून रुंद केली, तर तोंड न बदलतांहि चोक वाढल्यासारखा भासतो. नळीची भिंत मात्र पातळ होते. म्हणून छापांतील बोअर ताडून, भिंतीची जाडी जाणत्या कारागिराकडून मोजविल्यावांचून बार काढूं नये. विक्रेत्याच्या शब्दापेक्षां नळीची साक्ष अधिक खरी.