शिकविणाराही शिकतो

(अहिल्यानगर येथे पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



ज्या घरातून पहिलाच मुलगा अथवा पहिलीच मुलगी महाविद्यालयात गेली, त्या घरातील आई-वडिलांची एक तक्रार माझ्या कानी वारंवार येते. "आमचा मुलगा स्वतःचा अभ्यास टाकून खालच्या वर्गातल्या पोरांना शिकवीत बसतो; यात त्याच्या पदरी काय पडणार?" पोटाला चिमटा घेऊन आपण फी भरता; तेव्हा त्याच्या प्रत्येक तासाचा हिशेब मागण्याचा आपणास अधिकार आहे. तो हिशेबच आज आपणापुढे मांडतो.

प्रथम माझी स्वतःची साक्ष. कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असताना वसतिगृहातील एक नवा विद्यार्थी करारकायदा समजून घेण्यासाठी माझ्याकडे आला. अल्पवयीनाने केलेला करार मुळातच शून्य, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरीबीबीच्या खटल्यात ठरविले, असे मी त्याला घडाघडा सांगितले. परीक्षेत मला त्यावर चांगले गुणही मिळाले होते. तो म्हणाला, "दादा, त्या मुलाने कर्ज काढून म्हैस घेतली असेल तर? करार शून्य, म्हणून सावकाराचे पैसे बुडाले आणि म्हैस मात्र त्याच्या दावणीला राहिली, असेच ना?" मी निरुत्तर झालो. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात बसून १८७२ चा करार अधिनियम आणि १९६३ चा विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम शेजारी ठेवून वाचले. करार शून्य असला तरी अल्पवयीनास जेवढा लाभ झाला, तेवढा परत करावयास लावण्याचा अधिकार कलम ३३ अन्वये काही प्रसंगी न्यायालयास आहे, हे मला तेव्हा उमगले. गुणांसाठी मी नियम पाठ केला होता. शिकविण्यासाठी मला तो समजून घ्यावा लागला.

हा केवळ माझा अनुभव नव्हे. परीक्षेसाठी वाचणाऱ्यापेक्षा दुसऱ्यास शिकविण्यासाठी वाचणाऱ्याचे आकलन अधिक चांगले होते, असे बार्ग आणि शूल या मानसशास्त्रज्ञांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आढळले. कारण उघड आहे. समजावून सांगणाऱ्यास मुख्य कोणते आणि गौण कोणते, हे आधी ठरवावे लागते. आपले कच्चे दुवे तेथेच उघडे पडतात. मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेत १९७३ साली सुरू झालेल्या पद्धतीत तो विषय उत्तीर्ण झालेला विद्यार्थीच इतरांचा अभ्यासवर्ग चालवितो. मुंबईच्या आय.आय.टी.मध्येही नवागतांसाठी विद्यार्थी-मार्गदर्शक नेमले जातात.

दुसरा लाभ वाणीचा. चारचौघांत ज्याची जीभ अडखळते, तो पाच धाकट्यांपुढे बोलता बोलता सभेत बोलू लागतो. आणि ऐकून घ्यावयासही शिकतो. वकिलाच्या धंद्यात या दोन्ही गोष्टींवाचून चालत नाही.

तिसरा लाभ मला सर्वांत मोठा वाटतो. शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन कचेरीच्या खिडकीशी थरथरत उभा राहिलेला मुलगा पुढल्या वर्षी दुसऱ्याचा अर्ज भरून देतो, तेव्हा आपणही कोणाच्या उपयोगी पडतो, हे त्याला कळते. हा स्वाभिमान कोणत्याही गुणपत्रिकेत मिळत नाही.

नगरला हे नवे नाही. सावित्रीबाई फुले यांनी याच शहरात सिंथिया फरार यांच्या शाळेत अध्यापनाचे शिक्षण घेतले. १८४८ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्या पुण्यात मुलींना शिकवू लागल्या. विद्यार्थिनी आणि शिक्षिका यांत त्यांनी फार अंतर पडू दिले नाही.

तथापि मर्यादा पाळल्या पाहिजेत. आठवड्यास दोन तास पुरेत. परीक्षेच्या दिवसांत तेही नकोत. धाकट्याची वही आपण लिहून देऊ नये. छळाचे अथवा मनःस्तापाचे प्रकरण समोर आले, तर ते स्वतःपाशी न ठेवता प्राध्यापकांच्या कानी घालावे. आणि हे काम महाविद्यालयाने फुकट करून घेऊ नये. 'कमवा व शिका' योजनेत विद्यार्थ्याच्या श्रमाला मोबदला मिळतो. मार्गदर्शनाच्या श्रमालाही तो का मिळू नये?

वरच्या वर्गातील विद्यार्थ्याने धाकट्यास छळू नये, यासाठी महाराष्ट्रात १९९९ सालचा रॅगिंग प्रतिबंध अधिनियम आहे. कायदा छळणारा हात रोखू शकतो; पण तोच हात मदतीसाठी पुढे यावा, हे कायद्याच्या कक्षेबाहेरचे आहे. ते घरातूनच घडले पाहिजे. म्हणून आपला मुलगा उद्या सायंकाळी कोणाला गणित समजावून देऊन उशिरा घरी आला, तर त्याला रागावू नका. जेवण वाढता वाढता एवढेच विचारा, "आज तू काय शिकलास?"