मुलांच्या मनाची उभारी आणि आपले घर

(देवालयाच्या वर्धापनदिनी सभामंडपात केलेले भाषण)



माझे आयुष्य कचेरीत टिपणे लिहिण्यात गेले. चारचौघांस उपदेश करावा एवढा माझा अधिकार नाही. परंतु समितीने आग्रह धरला, आणि माझ्याकडून घडलेली एक चूक कबूल करावयाची राहिली होती. म्हणून आपल्यासमोर उभा आहे.

जत्रेच्या रात्री देवळासमोर नाटक करण्याची आपली परंपरा आपण सारे जाणता. फार वर्षांपूर्वी अशाच एका नाटकात माझ्या मुलास राजपुत्राची लहानशी भूमिका मिळाली. वय नऊ वर्षांचे. महिनाभर तालमी झाल्या, पाठांतर चोख झाले. पण दिव्यांचा झोत तोंडावर आला आणि चौथ्या वाक्यास तो अडला. मंडळी हसली. नाटक संपल्यावर मी त्याचा हात न धरता पुढे चालू लागलो, आणि घराच्या पायरीवर म्हणालो, "चारचौघांत माझी मान खाली घातलीस. आता रडू नकोस." तो रडावयाचा थांबला. मला वाटले, पोरगा खंबीर झाला.

तो खंबीर झाला नव्हता. गप्प झाला होता. काही वर्षांनी तो शाळेच्या परीक्षेत नापास झाला, ते मला तिसऱ्या दिवशी कळले, आणि तेही माझ्या आईकडून. दोन दिवस ते पोर आपले अपयश पोटात ठेवून माझ्याच पानाशेजारी जेवत होते.

वास्तविक हे मला अधिक कळावयास हवे होते. लिसेवच्या तोंडी परीक्षेत परीक्षकांपुढे माझीही वाचा बसली होती. घरी आलो तेव्हा आईने निकाल विचारला नाही. पेज वाढली, शेजारी बसली, आणि पेज संपल्यावर एवढेच म्हणाली, "खंय अडलो रे?" दुसऱ्या खेपेस मी उत्तीर्ण झालो. त्या माउलीस अक्षरओळख नव्हती.

तिला जे उमगले होते, तेच पुढे विद्वानांनी मोजून पाहिले. हवाई बेटांपैकी कौआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर या विदुषीने आपल्या सहकाऱ्यांसह त्यांच्या चाळिशीपर्यंत घेतला. दारिद्र्य, घरातील कलह, आईबापांचे आजार अशी अनेक संकटे एकदम वाट्यास आलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले पुढे कर्तबगार आणि मायाळू माणसे झाली. त्यांच्या बाबतीत वारंवार आढळलेली एक गोष्ट अशी, की निदान एक वडीलधारे माणूस त्यांच्या पाठीशी स्थिरपणे उभे होते. ते आईबापच असावे असेही नाही. आजी, मावशी, शेजारी वा शिक्षक, कोणीही.

आपल्या नाटकातील प्रॉम्प्टर आठवा. नट अडला की तो पहिला शब्द देतो. संपूर्ण भाषण स्वतः म्हणत नाही, रंगमंचावर येत नाही. परंतु विंग सोडूनही जात नाही. काही पालक माझ्यासारखे विंग सोडून जातात. काही रंगमंचावर चढतात: मुलाचा अभ्यास स्वतः करतात, मुलांमुलांचे भांडण स्वतः भांडतात. दोहोंमुळे मूल दुबळे राहते.

म्हणून चार गोष्टी नम्रपणे सुचवितो. मूल रडत असता "रडू नकोस" म्हणण्याआधी त्याच्या दुःखास नाव द्यावे: "लाज वाटली ना?" किंवा "राग आला ना?" नाव मिळाले की भावना आवरण्याजोगी होते. मन शांत झाल्यावर, "आता काय करूया?" असे विचारून पहिले पाऊल त्यालाच टाकू द्यावे. घरातील एखादे खरेखुरे काम त्याच्यावर सोपवावे. तुळशीस पाणी घालणे असो वा पोदेराकडून पाव घेणे असो, आपल्यावाचून काही अडते हे मुलास कळले की त्याचा स्वतःवर विश्वास बसतो. आणि रात्रीच्या जेवणात आपण कोठे हरलो, हे वडिलधाऱ्यांनीही सांगावे. पूर्वी तिन्हीसांजेस परवचा संपला की आजी जवळ घेऊन बसे. आता घरे लहान झाली, माणसे पांगली. तेवढी अर्धी घटका तरी राखावी.

मात्र कित्येक आठवडे मूल जेवेना, झोपेना, खेळेना झाले, तर त्यास धीराची गोष्ट न सांगता डॉक्टरांकडे न्यावे. त्यात घराण्यास कमीपणा नाही.

गेल्या जत्रेत माझा नातू असाच अडखळला. मी विंगेपाशी पोहोचलो, तो माझा मुलगा आधीच तेथे होता. नातवापुढे उकिडवा बसून तो विचारीत होता, "खंय अडलो रे?" हे शब्द त्यास मी दिलेले नव्हते, ते माझ्या आईचे होते. त्या रात्री घरी परतताना मी जुनी गोष्ट काढली आणि चुकलो म्हणालो. तो म्हणाला, "बाबा, आठवता म्हाका." एवढेच. पण या खेपेस आम्ही पायरीपर्यंत बरोबर चाललो.

आपल्या घराघरांत विंगेत थांबणारे एकेक माणूस असो, एवढे श्रीचरणी मागतो आणि आपली रजा घेतो.