जुन्या गाडीचं इंजिन आणि ‘हाय मायलेज’ ऑईल



आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात जुनी जीप, मोटार किंवा टेम्पो उभा असतो. भाजीपाला बाजारात न्यायचा, आजारी माणसाला तालुक्याला पोचवायचं, सगळं त्याच गाडीवर. गाडी जुनी झाली की ऑईल खाऊ लागते. उभी राहील तिथं जमिनीवर डाग पडतात. मग दुकानदार ‘हाय मायलेज’ ऑईलचा डबा पुढे करतो. तो घ्यावा का, हे आज पाहू.

प्रथम नावाचा घोळ मिटवू. आपण मायलेज म्हणतो ते लिटरला किती किलोमीटर. इथं तो अर्थ नाही. ‘पुष्कळ पळालेल्या गाडीचं ऑईल’ एवढाच अर्थ. अमेरिकेत व्हॅल्व्होलिन कंपनीने असे ऑईल २००० साली बाजारात आणले. तिकडे ते साधारण ७५ हजार मैल, म्हणजे सुमारे १ लाख २० हजार किलोमीटर पळालेल्या गाड्यांसाठी विकले जाते.

आता हे ऑईल करतं काय? इंजिनात ऑईल अडवण्यासाठी रबरी सील असतात. वर्षानुवर्षे उष्णता सोसून रबर कडक होते, आक्रसते आणि फटीतून ऑईल पाझरते. वाळलेल्या कातडी वादीला तेल चोळलं की ती मऊ पडते ना, तसंच इथं होतं. या ऑईलमधील खास द्रव्याने सील मऊ होतात, किंचित फुगतात आणि पाझर कमी होतो. शिवाय हे ऑईल उष्णतेने कमी उडते. त्यात मळ धुणारी आणि झीज कमी करणारी द्रव्येही असतात. गुण लगेच दिसत नाही, थोडी गाडी पळावी लागते.

पण फाटलेलं सील यानं सांधत नाही आणि झिजलेल्या रिंगा भरून येत नाहीत. म्हणून आधी दुखणं ओळखा.

१. जमिनीवर ऑईलचे थोडे डाग पडतात, पण धूर नाही: सील कडक झाले असावेत. हे ऑईल वापरून पाहायला हरकत नाही.

२. सकाळी सुरू करताना क्षणभर निळा धूर येतो: बहुधा व्हॉल्व्हचे सील. इथंही थोडा उपयोग होऊ शकतो.

३. चालताना सतत निळा धूर येतो, ब्रीदरमधूनही धूर मारतो: रिंगा किंवा लायनर गेले असावेत. डब्यावर पैसे घालू नका, मिस्त्रीला दाखवा.

४. ऑईल दुधासारखे पांढरट दिसते: आत पाणी शिरले आहे. इंजिन चालवू नका.

डबा घेताना दोन गोष्टी पाहा. यातील बरीच ऑईलं पेट्रोल गाडीची असतात. डब्यावर एपीआय खुणेपुढे ‘एस’ने सुरू होणारी अक्षरे असली तर ते पेट्रोल इंजिनाचे, ‘सी’ने सुरू होणारी असली तर डिझेलचे. काही डब्यांवर दोन्ही असतात. ट्रॅक्टरला मोटारीचे ऑईल घालू नका. दुसरे, ‘१५ डब्ल्यू ४०’ असा जो नंबर गाडीच्या पुस्तकात दिला असेल तोच घ्या. जाड ऑईल बरं, असं समजून मनाने बदल करू नका. गार इंजिनात जाड ऑईल वरच्या भागापर्यंत उशिरा पोचते आणि तेवढ्या वेळात झीज होते.

ऑईल कोणतेही घाला, पण ते कमी पडू देऊ नका. आठवड्यातून एकदा गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी पट्टी काढून पाहा. चालताना ऑईलचा लाल दिवा लागला, तर लगेच इंजिन बंद करा. ‘गावापर्यंत नेऊ’ म्हणाल, तर इंजिन जाम होईल आणि हजारोंचा फटका बसेल.

शेवटी एक विनंती. जळकं ऑईल विहिरीजवळ ओतू नका, जनावरांच्या जखमेलाही लावू नका. ते विषारी असते. डब्यात साठवून गॅरेजवाल्याकडे द्या.