पावत्यांची पिशवी

बेळगावचा एक कामगार दुचाकीवरून कोल्हापूरकडे निघालेला असतो. कागलजवळ मागून भरधाव आलेली मोटार त्याला धडक देते आणि क्षणात त्याच्या घराचे सारे गणित विस्कटून जाते. असा प्रसंग कोणत्याही कुटुंबावर येऊ शकतो. कोल्हापूरच्या इस्पितळात धावत आलेल्या त्याच्या पत्नीपुढे दोन चिंता एकदमच उभ्या राहतात : माणूस वाचेल ना, आणि पैसा कोठून आणावयाचा? पहिल्या चिंतेचे उत्तर डॉक्टरांच्या हाती असते. दुसरीचे बरेचसे उत्तर घरच्या माणसांच्या सावधपणात असते, आणि तो सावधपणा पहिल्या दिवसापासून बाळगावा लागतो.

अनामत रक्कम भरली नाही म्हणून अत्यवस्थ जखमीला दारातून परत पाठविता येत नाही. डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, जीव वाचविणे हे त्याचे आद्य कर्तव्य होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा यांच्या अर्जावर दिला. पुढे मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने एक योजना जाहीर केली. तिच्याप्रमाणे मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीस, अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख पैसे न भरता नियुक्त इस्पितळात उपचार घेता येतात. इतर इस्पितळांत मात्र ही सवलत प्रकृती स्थिर करण्यापुरतीच आहे. म्हणून इस्पितळ योजनेत आहे किंवा नाही, हे पहिल्याच दिवशी विचारावे, आणि अपघाताची नोंद पोलिसांकडे झाल्याची खात्री करून घ्यावी.

परंतु हाड मोडलेला माणूस सात दिवसांत उठून बसत नाही. पुढचा खर्च घरालाच सोसावा लागतो आणि तो भरपाई म्हणून मागावा लागतो. मागण्याचे ठिकाण म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. अपघात महाराष्ट्रात आणि घर कर्नाटकात, म्हणून कोणी गोंधळून जाण्याचे कारण नाही. अपघात जेथे घडला तेथे, अथवा दावेदार जेथे राहतो तेथेही अर्ज करता येतो. त्या कामगाराच्या घरच्यांना तारखांसाठी कोल्हापूरच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. बेळगावात दाद मागता येते. मात्र अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा, हे विसरू नये. धडक देणारे वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तरीही गंभीर दुखापतीस पन्नास हजार आणि मृत्यूस दोन लाख रुपये, अशी तरतूद एप्रिल २०२२ पासून लागू झालेली आहे; त्यासाठी प्रांताधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे अर्ज करावयाचा असतो.

न्यायाधिकरणापुढे दुःख बोलत नाही, कागद बोलतो. औषधाची चिठ्ठी आणि तिची पावती एकत्र टाचून ठेवावी. इस्पितळाकडून एकरकमी आकडा न घेता तपशीलवार बिल मागावे. घरी सोडतानाचे कार्ड, क्ष-किरण चित्रे व त्यांचे अहवाल, पोलिसांच्या प्रथम खबरीची प्रत, हे सारे एकाच पिशवीत असावे. खर्च औषधांपुरता नसतो. रिक्षाचे भाडे, पथ्याचा आहार, शुश्रूषेला ठेवलेले माणूस आणि बुडालेली मजुरी यांचाही दाव्यात विचार होतो. म्हणून साध्या वहीत रोजच्या रोज तारीखवार टिपण करावे. यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावतीवरील अक्षरे काही महिन्यांत पुसट होतात; तिची छायाप्रत त्याच आठवड्यात काढावी.

घरात आरोग्य विमा असेल तर कंपनीस ताबडतोब कळवावे. मूळ कागद तिच्याकडे जाणार असतील तर त्यांच्या प्रमाणित प्रती आपल्याजवळ ठेवाव्यात. अशा विम्यातून मिळालेली रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करू नये, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला. कर्नाटकात दावा करणाऱ्याने मात्र तेथील न्यायालयांचे धोरण वकिलाकडून समजून घ्यावे.

आणखी एक मोह टाळावा लागतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोटारीचा मालक खाटेजवळ येतो, हळहळतो, हातावर काही हजार ठेवतो आणि 'मिटवून टाकू' म्हणत एक कागद पुढे करतो. पुढची शस्त्रक्रिया होणार आहे की नाही, पाय पूर्वीसारखा होईल की नाही, हे त्या वेळी डॉक्टरांनाही ठाऊक नसते. ज्या खर्चाचा अंदाज नाही, त्याचा हक्क सहीने सोडून देणे योग्य नव्हे. माणुसकीने विचारपूस करणाऱ्याचे आभार मानावेत. सही मात्र वकिलास विचारल्यावाचून करू नये.

मंगळसूत्र गहाण ठेवून तिने औषधे आणली, हे कामगाराच्या पत्नीला कोणापुढे सांगण्याचीही लाज वाटते. पण त्याच औषधांच्या पावत्या तिने जपल्या असतील, तर ते मंगळसूत्र सोडवून आणण्याची वाट त्या पिशवीतूनच निघते.