नागीण वेढा पूर्ण का करीत नाही



१८९८ च्या प्लेगनंतर बेंगळूरच्या दाट पेठांतील माणसे बसवनगुडीच्या ऐसपैस वसाहतीत राहावयास आली. प्लेग आला आणि ओसरला. काही रोग मात्र ओसरल्यासारखे भासतात आणि देहातच मुक्काम करतात.

शाळेच्या पहिल्या तुकड्यांतील ज्या मुलांना कांजिण्या आल्या, ती मुले आज पासष्टीच्या पुढे आहेत. तेव्हा खपल्या पडल्या, कडुलिंबाच्या पाल्याचे न्हाणे झाले आणि मूल वर्गात परतले. विषाणू मात्र देहाबाहेर गेला नाही. त्वचेतून नसांच्या वाटेने तो मज्जारज्जूलगतच्या मज्जापेशींच्या पुंजक्यांत, म्हणजे गुच्छिकांत, शिरला आणि निद्रिस्त झाला. वयोमानाने किंवा आजाराने प्रतिकारशक्ती क्षीण झाली की तो जागा होतो आणि त्याच नसेने पुन्हा त्वचेवर उतरतो. मराठी घरात हिला नागीण म्हणतात, शेजारच्या कन्नड घरात सर्पसुत्तु, सर्पाचा वेढा. कांजिण्या आणि नागीण यांचा हा धागा एडगर होप-सिम्प्सन या इंग्लंडमधील साध्या कुटुंबवैद्याने आपल्या दवाखान्यातील सोळा वर्षांच्या नोंदींवरून १९६५ मध्ये मांडला. मोठी प्रयोगशाळा त्याच्यापाशी नव्हती, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्याजोगे आहे.

नागिणीचे तोंड व शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही समजूत दोन्ही भाषांत आढळते. वस्तुस्थिती अशी की डावी-उजवी गुच्छिका वेगळी असते आणि तिची नस एकाच बाजूचा पट्टा सांभाळते. म्हणून फोडांची रांग पाठीच्या कण्यापासून निघते आणि सहसा छातीच्या मध्यरेषेवर थांबते. तोंड-शेपटीची भेट होतच नाही.

भीती अस्थानी असली तरी हयगय परवडणारी नाही. फोडांच्या आधी एक-दोन दिवस एकाच बाजूला आग होते, ठणका लागतो. तो पित्ताचा किंवा उसण भरल्याचा समजला जातो. पुढे गेरूचा लेप आणि मंत्र यांत आठवडा जातो. अ‍ॅसायक्लोव्हिरसारखी औषधे पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर सर्वाधिक गुण येतो. उशीर झाल्यास, विशेषतः वृद्धांत, फोड सुकल्यावरही वेदना महिनोन्‌महिने टिकते. सदऱ्याचा स्पर्शही सोसवत नाही. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले तर डोळ्याला धोका असतो; अशा वेळी नेत्रतज्ज्ञाकडे त्याच दिवशी जावे. बसवनगुडीकरांना मिंटो नेत्ररुग्णालय फार दूर नाही.

नागीण झालेल्या आजोबांकडून नातवाला नागीण होत नाही. परंतु नातवाला कांजिण्या येऊन गेलेल्या नसतील व लस टोचलेली नसेल, तर फोडांतील पाण्यातून त्याला कांजिण्या येऊ शकतात. गर्भवती सुनेच्या बाबतीत तर अधिक जपावे लागते. खपल्या धरेपर्यंत फोड झाकून ठेवावेत. पन्नाशीपुढील व्यक्तींसाठी २०२३ पासून भारतात नागिणीची नवी लस मिळू लागली आहे. तिच्या दोन मात्रा दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने घ्याव्या लागतात. ती स्वस्त नाही. आपल्या डॉक्टरांशी बोलून निर्णय घ्यावा.